रकाना अकरावा

मार्केट यार्डामागे आमची अंगणवाडी, दहा बाय बारा,
वर पत्रा, भिंतीवर मीच रंगवलेला हत्ती.
त्याची सोंड आखूड आहे,
मध्ये लाइटचं बटण आलं.

महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी वजनं.
दीक्षा ओव्हाळ सगळ्यांत शेवटी येते,
लसूण सोलायच्या गाळ्यावरून, धावत,
नखं सुजलेली, गाऊनवरच्या ओढणीला पांढरी सालं.
सम्यकला काट्यावर ठेवलं की तो पाय आखडून घेतो,
जणू खाली पाणी आहे.

अठरा महिने. आठ किलो दोनशे.
मी तक्त्यावर ठिपका देते.
मागच्या महिन्याचा अगदी शेजारी,
दोघं एकाच पायरीवर बसल्यासारखे,
पिवळ्या पट्ट्यात.

रजिस्टरात अकरावा रकाना:
आईचं दूध, किती महिन्यांपर्यंत?
‘चालू’, मी लिहिते.
सासू दारातूनच,
अहो ताई, सांगा हिला,
अंगावर लोंबकळून पोर कधी वाढलंय का?
दिवसभर दोन घास धड घेत नाही,
हिच्या चपलेच्या आवाजावर टपून असतंय.

गेल्या वर्षी एक सर आले होते, कुठल्याशा संस्थेतले.
स्वतःची पाण्याची बाटली, स्वभावाने चांगले.
माझी चार वर्षांची रजिस्टरं घेऊन बसले
आणि संध्याकाळी म्हणाले, गंमत बघा मॅडम,
ज्यांचं दूध जास्त दिवस चाललं
तीच मुलं तुमच्याकडे बारीक.
मी हो म्हणाले.
त्यांच्यासाठी आणलेला चहा निवून गेला.

रात्री भाकरी थापताना हात तसाच राहिला परातीत.
सर, तुम्ही वाक्य शेवटाकडून वाचलंत.
धट्टीकट्टी पोरं वर्षाच्या आतबाहेर उतरतात मांडीवरून,
खारी मागतात, वडापावातला वडा मागतात,
शेवटचं कधी पाजलं
हे त्यांच्या आईला आठवतही नाही.
जे किरकिरं, जे जुलाबातून नुकतं उठलेलं,
ज्याचा दंड माझ्या दोन बोटांच्या कडीत मावतो,
त्याला कुठली आई तोडेल?
बारीक आहे म्हणून पाजते ती.
पाजते म्हणून बारीक नाही.
निदान सगळीच नाहीत.
मला तरी कुठे सगळं कळतं.

माझी केतकी चार महिन्यांची असताना
माझं दूध गेलं. हळीव झाले, डिंक झाला,
शतावरी झाली, शेवटी डब्यातली पावडर.
आज ती पाच फूट सहा इंच,
ग्रुप फोटोत मागच्या रांगेत.
हे कुठल्या रकान्यात घालायचं?
आणि अजूनही, बावीस वर्षांनी,
कुणाचं तान्हं अचानक रडलं
की ब्लाउजच्या आत काहीतरी मान वर करतं, ते?

दीक्षाला मी बाजूला घेतलं.
सोडवू नकोस, म्हटलं, कडुलिंबबिंब लावू नकोस.
पण आधी वाटी, मग तू.
मऊ भात, त्यावर तेलाची धार,
अंडं कुस्करून, दाण्याचं कूट मुठीनं.
तू गाळ्यावर असताना सासूबाईंच्या हातून.
आता तुझंच वरचं दूध, असं समज.
ती हसली. मग गप्प झाली.
म्हणाली, ताई, रात्री प्यायच्या आधी
तो माझी बोटं हुंगतो.
लसणाचा वास आला की मगच तोंड लावतो.

पुढच्या मंगळवारी सासूच घेऊन आली,
हातात स्टीलची वाटी, तळाला पिवळं लागलेलं.
माझ्या हातनं खातंय, म्हणाली, आईच्या नाही खात.
आठ किलो पाचशे साठ.
ठिपका एक बोट वर सरकला, अजून पिवळ्यातच.
अकराव्यात पुन्हा ‘चालू’ लिहिलं.
सासूने पाहिलं, काही बोलली नाही.

सम्यकला उचललं तेव्हा
काट्याच्या तबकात लसणाचं एक साल राहिलं होतं.
आकडा शून्यावरच होता.
मी फुंकर मारली, पुढच्या मुलीला हाक दिली.