बारा नंबरचा पाना

अक्षर बरं म्हणून मला सचिव केलं.
बाकी पात्रता काही नाही:
पालिकेच्या दवाखान्यात एकतीस वर्षं
केसपेपरवर नावं लिहिली, दुसऱ्यांची.

वाशी नाक्यामागे, रिफायनरीची ज्योत दिसते तिथे,
आमच्या एकसष्ट खोल्या ट्रकमधून आल्या.
भिंती आडव्या, एकमेकींवर रचलेल्या,
प्रत्येकीच्या पाठीवर कारखान्याचा पिवळा शिक्का:
बी-चौदा डावी. बी-चौदा उजवी. बी-चौदा छत.
साहेब म्हणाले, अठरा महिने. फार तर दोन वर्षं.
त्या आठवड्यात जन्मलेली हुसैनाची धाकटी
आता स्वतःच्या पोराला शाळेत सोडते.

घर आमचं, जमीन शेठची.
म्हणजे कसं, तर खिळा आमचा,
खिळ्यावरचं कॅलेंडर आमचं,
आणि कॅलेंडर पडलंच खाली, तर ते पडायची जागा
घाटकोपरच्या शेठची. महिना एकशेऐंशी.

वासुदेव तांडेल दर दिवाळीला, कंदील लावून झाला की,
बारा नंबरचा पाना आणि तेलाची कुपी घेऊन बसायचा.
भिंतींचे बोल्ट एकेक ढिले करायचा, पुन्हा आवळायचा.
"गंजले तर उघडायचे कसे?
उठा म्हणाले, तर भिंती तरी नेऊ."
बायको त्या दिवशी चकल्या तळायची नाही.
एका घरात दोन तेलांचे वास नकोत, म्हणायची.

शेठ गेले. मुलगे परदेशी.
एक पांढरी गाडी आली, टेप लावून मोजून गेली.
तुम्हाला विरारला देऊ, सतरावा मजला, लिफ्ट आहे.
तांडेलने त्याच रात्री पाना बाहेर काढला.
बेंजामिन किणी म्हणाला, काका, थांबा जरा.
भिंती नेता येतात. जमीन नेता येत नाही.
मग ती घेऊनच टाकू की.

सगळे हसलो. मग कोणीतरी कॅल्क्युलेटर आणला.

भिश्या मोडल्या. उबाळ्याने फंड काढला.
पतपेढीच्या मॅनेजरने चष्मा तीनदा पुसला.
संस्थेच्या फॉर्मवर एक रकाना होता: मजला.
मी लिहिलं, तळ. खाली, तळ. त्याखाली, तळ.
एकसष्ट वेळा.

चार वर्षं गेली अशी. त्यातलं सांगण्यासारखं थोडं.
खरेदीखताच्या दिवशी हुसैनाचा अंगठा मशीनवर उठेना,
कोळंबी सोलून सोलून पुसलेला.
दुसरं बोट द्या, म्हणाला ऑपरेटर.
तिने एकामागून एक दहाही दिली.
डाव्या हाताची करंगळी लागली शेवटी.
तेवढ्या करंगळीवर एकसष्टावा हिस्सा उचलला.

पहिल्या सभेत विषय एकच: कर्जाचा हप्ता.
महिना एकशेऐंशीचे सहाशे चाळीस.
सूचक किणी. अनुमोदक मी.
"शेठने वीस वर्षांत दहा रुपये वाढवले नव्हते,"
उबाळे उभा राहून म्हणाला.
"मग आण जा शेठला," मागून आवाज.
तेव्हाही हसलो, पण जेमतेम.
इतिवृत्तात हसणं लिहीत नाहीत. लिहिलं:
चर्चेअंती ठराव बहुमताने मंजूर.

हुसैनाचे चार महिने थकलेत.
नियमाप्रमाणे नोटीस माझ्या सहीने जायला हवी.
लिहून ठेवली आहे. अक्षर नेहमीसारखं, गोल, सुटं.
शेठची नोटीस यायची ती टाइप केलेली असायची,
तिच्यावर निदान राग काढता यायचा.
रोज ती नळावर भेटते, तिची बादली आधी लावू देते मला.
मी लावते.

यंदाच्या दिवाळीत तांडेल सवयीने पाना घेऊन निघाला.
बी-चौदाच्या कोपऱ्याशी बराच वेळ उभा.
मग माझ्या दारात आला.
"सचिवबाई, हा संस्थेच्या नावावर लिहून घ्या.
कोणाला लागला तर असू दे."

नवं रजिस्टर उघडलं, पहिलं पान.
पाना, बारा नंबर, नग एक.
स्थिती: चालू. तेल लावलेला.
त्याची सही घेतली. चकलीचा वास होता हाताला.

शाई वाळली.
रजिस्टर खणात ठेवलं,
हुसैनाच्या नोटिशीवर.