राखाडी चौकोन

समार बेटावरच्या आमच्या नगरपालिकेत
एकोणीस वर्षं मी नोटिसा चिकटवल्या.
मासळीबाजाराच्या तोंडाशी लाकडी फलक,
कुंचला, आणि डब्यात भाताची पेज.
पेजेच्या वासाने शेळ्या यायच्या.
एकदा एका काळ्या शेळीने घरपट्टीचा अख्खा ठराव
सहीशिक्क्यासकट खाल्ला.
मी काठी घेऊन धावलो.
शेळी कोणाची, हे गावाला ठाऊक होतं;
एवारिस्तोने मान खाली घालून चार अंडी आणून दिली.

आता फलक नाही.
महापौर म्हणाले, तेर्यो, कारभार पारदर्शक हवा,
म्हणजे सगळं त्या निळ्या पानावर टाक.
टाकलं.
वादळात छपरं उडालेल्यांची यादी,
दोनशे सतरा नावं, कोणाला किती पत्रे,
फोटो काढून, सकाळी नऊ वाजून चार मिनिटांनी.
हरकतींना मुदत सात दिवस.

आठव्या दिवशी क्रिसांता आली,
बोटांना सुकटीचा खवला चिकटलेला.
"यादी कधी लागणार?"
लागली की. जाहीर झाली.
"कोणाला?"

तिने फोन पुढे धरला.
रिचार्ज संपला की कंपनी फुकटात
फक्त अक्षरं दाखवते, चित्रांना पैसे पडतात.
वर महापौरांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा,
एक हजार चारशे अंगठे,
मग कोंबड्यांच्या झुंजीची वेळ,
मग कुठेतरी खाली, खूप खाली,
माझंच वाक्य: सर्व नागरिकांनी कृपया पाहावे.
आणि त्याखाली एक राखाडी चौकोन.
ती त्यावर बोट दाबत राहिली,
दार वाजवावं तसं.

मी माझ्या संगणकावर यादी उघडली.
ओळ एकशे बेचाळीस.
क्रिसांता दागामी, पत्रे: शून्य.
सात पत्रे होते. शून्य मीच टाइप केलं होतं,
रात्री, दिवे जात-येत असताना.

कंपनीला लिहिलं. लगेच उत्तर आलं:
आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.
महापौरांना सांगितलं. ते म्हणाले,
आपण तर टाकलं होतं ना?
ही शेळी कोणाची, मी विचारत फिरलो.
काठी कुणावर उगारायची तेही कळेना.

संध्याकाळी घरी चूल पेटवली,
मूठभर तांदूळ, भरपूर पाणी.
बायको दारात थबकली.
पेज कशाला करतोयस? म्हणाली,
कोण आजारी आहे?