सात भोकं

पाइप रोडला, खारीच्या भट्टीला लागून
अकरा बाय अठराचा गाळा होता मिंगेलसायबाचा.
त्यात रघुवीर कासले हातगाड्यांची चाकं सांधायचा
आणि मी त्याच्याकडे वेल्डिंगला.
भट्टीची राख उडून ताज्या जोडावर बसायची.
आपल्या मालाला खारीचा वास येतो, असं तो म्हणे.
मी कधी हुंगून पाहिलं नाही.

गाडी करायचं त्याच्या डोक्यात कधी शिरलं
मला ठाऊक नाही.
एके दिवशी हातगाडीवर घालून पंपाचं इंजिन आणलं,
निफाडकडच्या कुठल्याशा मळ्यातलं, बंद पडलेलं.
म्हणाला, ‘बाबू, याला पाय लावायचेत.’

कागद नव्हता. खडूनं फरशीवर गाडी काढली,
खरीखुरी, पुऱ्या मापाची.
रात्री तिच्यातच झोपायचो,
तो ड्रायव्हरच्या जागी, मी हौद्यात.
सकाळी दोघांच्या पाठीला खडू.

ससून डॉकवरून हरकूबाई तांडेल आली,
पहिली आणि तेव्हा एकुलती एक गिऱ्हाईक.
हौद्याभोवती फिरली, पत्र्यावर थाप मारली.
‘मासळीचं पानी कुठं जाईल रं? तुज्या तोंडात?’
मग सात ठिकाणी बोट टेकवलं
आणि मी तिथं तिथं भोक पाडलं.
कनवटीला बांधलेली आगाऊ रक्कम सोडली तिनं.
ओल्या नोटा, सुरमईचा वास.
टायरवाल्या शेठनं नाक दाबून मोजल्या,
दोनदा मोजल्या मात्र.

गाडी झाली. सुरूही झाली.
भट्टीवाला याकूब खोकत रस्त्यावर आला.
आणि गाडी दारात अडकली.

चार बोटं.
चार बोटं जास्त होती रुंदीला.
इतके महिने खडूच्या रेघेत झोपलो,
दार मोजायचं एकालाही सुचलं नाही.

रघुवीरनं टोपी काढली, परत घातली,
घण मागितला.
रविवार होता.
मिंगेलसायब चर्चमधून येईतो भिंत खाली होती.
पहिल्या गाडीचा नफा त्या भिंतीत गेला,
दुसरीचाही थोडा,
पाडायला आम्ही दोघं पुरलो,
बांधायला गवंडी लागला.

पुढचं सगळं ऑफिसातल्या फ्रेममध्ये आहे,
कर्ज, साकीनाक्याचे तीन गाळे, मग तळोजा.
फ्रेममध्ये नाही ते हे:
संपात तो गेटच्या आत, मी बाहेर,
एकवीस दिवस शब्द नाही.
बाविसाव्या दिवशी त्यानं खारीचा पुडा धाडला.
मी परत केला.
अर्धा.

आता तो नाही.
परवा नव्या गाडीच्या पूजेला मला बोलावलं,
खुर्ची दिली, पंख्याखालची.
एक इंजिनीअर पोरगी येऊन विचारते,
‘काका, ही तर कुरिअरवाल्यांची गाडी, कोरडा माल.
हौद्याला सात भोकं कशाला?
ड्रॉइंगमध्ये कारण लिहिलेलं नाही
आणि काढून टाकायला कुणी तयार नाही.’

डोळे ठिणग्यांनी खाल्लेत माझे.
हौद्यावर हात फिरवला, बोटांनी मोजत गेलो.
चार, पाच, सहा एका रांगेत.
सातवं जरा हटून,
डावीकडे, दोन बोटं.

तेव्हा हरकूबाईला शिंक आली होती.

पोरीला म्हटलं, राहू दे.