कानदुरुस्ती

ईरी सरोवराकाठच्या या गावात
अठरा वर्षं मी लोकांचे कान दुरुस्त करते.
पीच स्ट्रीटला, चष्मेवाल्याच्या शेजारी, बारकं दुकान.
चिमट्याने मळ काढायचा, सेल बदलायचा
आणि विचारायचं, आता?
आता येतंय का ऐकू?

ऑक्टोबर लागला की गर्दी वाढते.
यंत्र फुसफुसतंय म्हणतात, शिट्टी मारतंय म्हणतात.
मी तपासते. यंत्र ठणठणीत.
विचारते, घरी टीव्ही किती वेळ चालू असतो?
समोरचा माणूस शाळेत पकडलेल्या पोरासारखा
बुटांकडे बघतो.

मी तरी कुठल्या तोंडाने बोलू?
माझ्याही भिंतीवर तो लटकलाय, थांबलेल्यांच्या करमणुकीला.
एका चौकटीत सहा डोकी, सहाही तोंडं उघडी,
खाली पळणारी लाल पट्टी: आत्ताच, आत्ताच, आत्ताच.
(कालचंही आत्ताच हेच होतं.)
मग जाहिरात, तळघरातून आलेला आवाज:
तो निवडून आला तर तुमची मुलं...
लगेच दुसरी:
ती निवडून आली तर तुमची मुलं...
मला मूल नाही.
तरी दर वेळी पोटात गोळा येतो.

नकाशावर आमचा जिल्हा जांभळा रंगवतात,
कुणी चिमटा काढल्यावर उमटतो तसा.
टपालातून रोज गुळगुळीत कागद येतात, दोन्ही पक्षांचे.
घडी करून मी ते टेबलाच्या आखूड पायाखाली सारलेत.
टेबल आता डुगडुगत नाही.
एवढं एक काम झालं त्यांच्याकडून.

त्या आठवड्यात कॅसिमिर विटकोव्स्की आले. वय एक्याऐंशी.
रेल्वे इंजिनांच्या कारखान्यात जन्म गेला,
कान तिथेच ठेवून आले.
बहीण बर्निस कुंपणापलीकडे राहते.
जुलैत तिच्या अंगणात एक पाटी लागली,
दुसऱ्या दिवशी यांच्या अंगणात दुसरी, वीतभर मोठी.
तेव्हापासून बोलणं बंद.
म्हणाले, "यात एक सोय करून दे.
टीव्हीतली माणसं बंद, बाकी जग चालू."

मी समजावलं, गोंगाट दाबायची सोय आहे आत.
पंख्याची घरघर, मोटारी, सरोवरावरचा वारा,
ते ओळखतं आणि दाबतं.
पण शब्दांनी बनलेलं काहीही
त्याला बोलणंच वाटतं, मिस्टर विटकोव्स्की.
आरडाओरड्यात शब्द असले
तर ते बिचारं आदराने आत आणून सोडतं.

बराच वेळ गप्प बसले.
"म्हणजे," म्हणाले, "माझ्याइतकीच अक्कल आहे त्याला."

कान फुंकणाऱ्यांना पगार असतो.
आम्ही हलक्या कानाचे, फुकट राबतो.
मला कुणी विचारत नाही
आमच्या गल्लीतला पूल कधी उघडणार,
विमा कंपनी कानांचे पैसे का देत नाही,
आणि तीन हजार डॉलर पदरचे मोजून
एखादा म्हातारा दिवसभर शिव्याच का ऐकतो.

मतदान अग्निशमन केंद्रात होतं.
बंब बाहेर उभे, आत रांग.
नुसती पेनांची खरखर, आणि कुणाचा तरी खोकला.
मला तिथेच राहावंसं वाटलं, गाद्या घालून, हिवाळाभर.

पुढे बर्निस. मध्ये दोघंजण. मग कॅसिमिर,
कान मोकळे, यंत्रं खिशात.
ती वळून काहीतरी म्हणाली.
यांना नुसते ओठ दिसले,
आणि चेहरा आधीच भांडायला उभा राहिला.
सगळी रांग कानात प्राण आणून ऐकू लागली.
त्यांनी खिशातून डबी काढली.
डाव्या कानाचं उजव्यात घालून पाहिलं,
पुटपुटले, काढलं, पुन्हा बसवलं.
"काय म्हणालीस?"
"लेस," बर्निस म्हणाली. "बुटाची लेस सुटलीय. पडशील."

वाकणं दोघांच्याही गुडघ्यांना जमेना.
मी खाली बसले, गाठ मारली,
सवयीने वर बघून विचारलं,
आता?

"घट्ट झाली," म्हणाले. "जरा सैल कर."