दीड ओळ

खानापूरच्या अलीकडं, ओढ्याकाठी
म्हशी अंग घासतात तो दगड.
हट्टीहोळी मास्तरांनी चुना चोळला
तशी अक्षरं वर आली, दीडच ओळ:
'तुरुव मगुळ्चि सत्त…'
पुढं नाव असणार. नेमका तिथंच टवका.

कुणी शतक विचारलं.
कुणी, भाषा कुणाची; आवाज जरा चढले.
नीलव्वा म्हणाली, 'अक्षरं आमची,
पर मला बी लागंनात.'

मष्णू काठीवर हनुवटी टेकून:
'जित्राबं घरला आली न्हवं?'

मधल्या शब्दावर बोट ठेवून
मास्तर बराच वेळ तसेच.
'आली,' म्हणाले. 'हे काय, इथं. वळवून आणली.
मग मेला.'

'बरं,' मष्णू म्हणाला.
टवक्यावरनं एकदा तळवा फिरवला
आणि म्हशींना हाळी घातली.