उजेडाचं टेबल

अभोण्याच्या बियाणे केंद्रात, मागच्या खोलीत
एक टेबल आहे. वर काच, खाली दोन नळ्या.
लाइट असली तरच काम.
मी मूठभर मका ओतते, हातानं पसरते
आणि एकेक दाणा त्याच्या पोटातून बघते.

साधा मका मधासारखा पेटतो.
आम्हाला तो नको.

आम्हाला हवा न पेटणारा,
खडूसारखा, आतून बंद.
बोरसे मॅडम पहिल्याच दिवशी म्हणाल्या,
कल्याणी, उजेड आरपार गेला की समज,
दाणा नुसता पोट भरणारा.

मक्यात प्रथिन आहे, पण त्यातलं बरंचसं झीन,
आणि झीनच्या माळेत लायसिनचा मणीच ओवलेला नाही.
पोर दोन भाकरी खातं, ढेकर देतं,
दंड तेवढाच राहतो,
माझ्या अंगठा-तर्जनीच्या कड्यात मावणारा.
माझा भाऊ आडगावला, कोंबडीखाद्याच्या कारखान्यात.
तिथं लायसिन पोत्यातून येतं,
काट्यावर तोलून मिसळतात.
मी विचारलं, कमी पडलं तर कळतं?
म्हणाला, पाचव्या आठवड्यात. वजन बोलतं.

एक जनुक मोडकं असलं
की झीन कमी बनतं, त्या जागी दुसरी प्रथिनं शिरतात.
पण ते आईकडूनही मोडकं यावं लागतं, बापाकडूनही.
एकाकडूनच आलं तर
घरात असूनही बोलत नाही.

म्हणून पिशव्या. तुऱ्याला खाकी, कणसाला पांढरी.
दव उडालं की तुरा झाडायचा,
त्याच झाडाच्या केसांवर पराग टाकायचा,
टाचणी, तारीख, पेन्सिल.
शाई पावसात जाते.

त्या वर्षी सातवी ओळ उभी होती, अगदी मनासारखी.
मार्कंड्याच्या अंगानं वारा आला,
पिशव्या फाटल्या,
आणि बांधापलीकडे यमुनाबाई चौऱ्यांचा मका ऐन तुऱ्यात.
कणसं सोलताना काहीच वाटलं नाही.
काचेवर ओतली
आणि दाणे पेटले. पाच. बारा. पन्नास.
मॅडमच्या हनुवटीला खालून उजेड लागला होता.
म्हणाल्या, मोज.

यमुनाबाईंकडे गेले, भांडायला नव्हे, तरी आवाज चढलाच.
वारा काय आमचा गडी हाये?
म्हणाल्या, बस. चहा ठेवला.
तुमच्या त्या खडूमक्याची भाकर केली होती मागं,
थापताना फुटती.
आणि कणगीत सोंडे पहिले त्यालाच.

खरं होतं ते. मॅडमना तर कधीचं माहीत.
म्हणून त्या आता तिसऱ्याच दाण्याच्या मागे:
बूड बंद, माथा मधासारखा,
दगडासारखा कठीण आणि तरी आतून बदललेला.
असा दाणा पुढे पुढे सगळाच चकाकू लागतो,
मग आपला कोणता, बांधापलीकडचा कोणता,
टेबल सांगत नाही.
पीठ करायचं, नळीत घालायचं,
जांभळा रंग चढायची वाट बघायची.
फिका जांभळा चुलीत.

दोन हंगामांनी यमुनाबाई केंद्रावर आल्या.
पदराच्या गाठीत दाणे.
घरचंच बी, घरचीच कणसं, पण हे असले कुठून?
आमच्याही पिशव्यांतून काही उडालं होतं तर त्या दिवशी,
आणि गप्प बसून राहिलं होतं.
मी नळ्या लावल्या. काचेवर अकरा दाणे,
आठ उजळले.
तीन नाही.

त्या वाकून बघत राहिल्या.
ह्यानं पोर भरंल का?
मी म्हटलं, सोंडे आधी भरतील.
हसल्या, पण हात पुढेच.

दोन त्यांना परत दिले.
तिसऱ्याच्या पाकिटावर
पेन्सिलनं नंबर घातला.