नग ३ पैकी १

गुरुवारी असरच्या नमाजानंतर
पाच म्हातारे कुलूप उघडतात.
रम्समधलं जुनं मासळीचं गोदाम. दोन खोल्या, दोन एसी.
एक चालतो. दुसरा
मी दर तीन महिन्यांनी येऊन जिवंत करतो.
बाहेर पाटी आहे : गावच्या इतिहासाची मंडळी.
प्रवेश फुकट. वहीत सह्या
बहुतेक त्यांच्याच नातवंडांच्या.

आत पाणबुड्यांचे नाकाचे चिमटे,
मोत्यांच्या चाळण्या, मोती नसलेल्या,
एका पासपोर्टचं पान, त्यातला फोटो पुसलाय,
उंची तेवढी राहिलीय : पाच फूट चार.
आणि कोपऱ्यात तांब्याचं तपेलं,
मी आत बसून शिडी धरली तरी मावेन एवढं.

चिठ्ठी लावलेली : "कढई. जहाजावरची.
चाळीस माणसांचा भात. काठावर नक्षी, बहुधा फारसी."

मी शिडीवर होतो, तोंडात स्क्रू.
वरून उजेड तिरका पडला
आणि नक्षी वाचता आली.

आमच्याकडे भांड्यावर नाव घालायला माणूस दारात बसायचा,
छिन्नी, हातोडी, टिक टिक टिक,
ठिपक्यांतून अक्षर उठायचं, मुंग्यांची रांग उठते तसं.

स्क्रू गिळला असता.
"उस्ताद," म्हटलं, "ही नक्षी नाही. ही माझी भाषा आहे."

पाचही जण उठून आले.
खल्फान उस्तादांनी चष्मा बदलला. बू गानिमने मोबाइलचा उजेड धरला.
मी बोट ठेवून, पहिलीतल्या पोरासारखा, मोठ्याने :

समस्त गावकरी वेळणखार
नग ३ पैकी १
कार्य झालेवर घासून परत करणे

मग मोडक्यातोडक्या हिंदीत अर्थ.
कार्य म्हणजे लग्न, बारसं, तेरावं, काहीही.
गावाची भांडी असतात, न्यायची, आणून द्यायची.

कोणी बोलेना. एसी गुरगुरत राहिला.
बू गानिमचा आजा हे तपेलं कुठून आणायचा सांगायचा?
बक्षीस, म्हणायचा. कुठल्याशा राजाने दिलेलं.
बू गानिम खाली बघत होता.
मग त्याचे खांदे हलू लागले. मला वाटलं रडतोय.
हसत होता. "चोर," म्हणाला, "आमचा म्हातारा चोर!"
आणि मग सगळेच हसले, हुमैदला ठसका लागेस्तोवर.

हुमैद खजिनदार. तो हसणं थांबवून वही उघडतो.
मुद्दा क्रमांक चार : परत करायचं का?
पाठवायला किती? वजन किती? जकात कोण भरणार?
तिजोरीत चारशे दहा दिरहम.
वेळणखार कुठे आहे, हे मला विचारलं.
मला माहीत नव्हतं. आमच्या किनाऱ्यावर
खार नाव लागलेली गावं ढिगाने आहेत,
काही धरणाखाली गेलीत, काही मुंबईला.

मग उस्ताद, चाळीस वर्षं व्याकरण शिकवलेले,
बोट त्याच शब्दावर टेकवून म्हणाले :
"कार्य झाल्यावर, असं लिहिलंय ना?
मग झालंय का?"

हुमैदने लिहून घेतलं.

मला चहा दिला. माझी ओव्हरटाइमची वेळ संपली होती,
कॅम्पची गाडी गेली होती.
एकविसावं वर्ष चालू आहे माझं इथे.
कोणी विचारलं नाही, मीही बोललो नाही.

नवी चिठ्ठी तीन भाषांत करायची ठरली.
तिसरी ओळ मी लिहिली, जाड पेनाने, जीभ बाहेर काढून.
रात्री बंकवर आडवा झालो तेव्हा दिसलं :
गावकरीतल्या रीला वेलांटी
पहिली पडलीय.

अख्ख्या रम्समध्ये ही चूक धरणारं कोणी नाही.
पुढच्या सर्व्हिसिंगला जाईन तेव्हा
खोडरबर न्यायला हवं. नाही, पेन आहे.
पांढरी शाई.